नव्या टपाल तिकिटांची रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशासाठी तिकीट काढायचे म्हटले की बहुतेक जण थेट चित्राला हात घालतात. खरे तर चित्र ठरण्याआधी माप, छपाई, छिद्रे आणि शिक्का या चार गोष्टी ठरायला हव्यात. बिघडलेल्या तिकिटांपैकी बरीचशी याच चारांपैकी कशाने तरी बिघडलेली असतात. चित्रकार, अक्षररचनाकार आणि टपाल प्रशासनात हे काम नव्याने पाहणारे लोक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

तिकिटावर काय काय असायलाच हवे?

देशाचे नाव आणि दर्शनी किंमत. तिकीट परदेशी जाणाऱ्या टपालावर लागणार असेल तर जागतिक टपाल संघाच्या नियमांप्रमाणे देशाचे नाव रोमन लिपीत लागते. किंमतही रोमन अक्षरांत किंवा आंतरराष्ट्रीय अंकांत असावी लागते. देशाची स्वतःची लिपी याच्या जोडीला खुशाल वापरावी. तिला दुय्यम जागा द्यायचे काहीच कारण नाही.

नावातून सूट एकट्या ब्रिटनला आहे. १८४० मध्ये पहिले चिकटणारे टपाल तिकीट त्या देशाने काढले, तेव्हा दुसऱ्या कोणाची तिकिटेच नव्हती, म्हणून नाव छापायची गरजही नव्हती. तिथे राजाचे किंवा राणीचे मस्तक हीच ओळख. स्वित्झर्लंडने वेगळा मार्ग काढला. देशात चार राष्ट्रीय भाषा, इवल्या जागेत चार नावे मावणार कशी? म्हणून ‘हेल्वेशिया’ हे एकच लॅटिन नाव. ज्या देशात भाषा अनेक आहेत, तिथल्या रचनाकाराने हा दाखला जरूर लक्षात ठेवावा.

याशिवाय विषयाचे नाव, प्रसिद्धीचे वर्ष आणि कडेला बारीक अक्षरांत चित्रकाराचे किंवा छापखान्याचे नाव, हा मजकूर बहुतेक तिकिटांवर असतो. हा सगळा मजकूर आधी कागदावर मांडावा, उरलेल्या जागेत चित्र बसवावे. उलट केले की शेवटी देशाचे नाव कुठल्यातरी पक्ष्याच्या शेपटीवर येऊन बसते.

माप किती ठेवावे?

जागतिक टपाल संघाचा दंडक असा की उभी किंवा आडवी बाजू साधारणपणे १५ मिलीमीटरपेक्षा कमी आणि ५० मिलीमीटरपेक्षा जास्त नसावी. आकार कोणताही चालतो. रोजच्या वापराची तिकिटे २० × २४ मिलीमीटरच्या आसपास असतात आणि प्रसंगाने निघणारी ४० × ३० च्या आसपास.

माप बोलताना छिद्र ते छिद्र की चित्राच्या कडेपासून कडेपर्यंत, हे दर वेळी लिहून द्यावे. ४० × ३० च्या तिकिटात चारही बाजूंनी २ मिलीमीटर पांढरी कड सोडली तर चित्राला ३६ × २६ एवढीच जागा उरते. हा फरक आयत्या वेळी लक्षात आला की सगळे चित्र आक्रसून घ्यावे लागते आणि आधीच बारीक असलेली अक्षरे आणखी बारीक होतात.

मूळ चित्र किती मोठे काढावे?

चार ते सहा पट. पाच पटीने काढले तर वरच्या उदाहरणातले चित्र १८० × १३० मिलीमीटरचे होते. हाताने काढायला हे माप सोयीचे आहे. त्याहून मोठ्या कागदावर काढलेले चित्र सुंदर दिसते, पण त्यातला तपशील लहान होताना मरतो.

पट ठरली की रेषांचा हिशेब करावा. पाच पट चित्रात अर्ध्या मिलीमीटरची रेष तिकिटावर ०.१ मिलीमीटर होते. त्याहून बारीक रेष ऑफसेट छपाईत, म्हणजे शाई रबरी थरावरून कागदावर उतरवणाऱ्या छपाईत, तुटते. गडद भागातून सोडलेली पांढरी रेष आणखी जाड हवी, कारण शाई दोन्ही बाजूंनी आत पसरते. संगणकावर काम असेल तर चित्र प्रत्यक्ष मापात किमान ६०० डीपीआयचे, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांचे, ठेवावे. म्हणजे ३६ मिलीमीटरच्या बाजूला साधारण ८५० पिक्सेल. अक्षरे मात्र पिक्सेलमध्ये कधीच देऊ नयेत. ती व्हेक्टर स्वरूपातच, म्हणजे कितीही लहान-मोठी केली तरी कडा न तुटणाऱ्या आकृत्यांच्या रूपात, पाठवावीत.

कच्ची रेखाटने कशी तपासावीत?

खऱ्या मापात छापून, कापून, पाकिटावर चिकटवून. पडद्यावर मोठे करून पाहिलेले तिकीट फसवे असते, आणि निवड समितीच्या टेबलावर ठेवलेले पुठ्ठ्याएवढे चित्र तर त्याहून फसवे. समितीला दोन्ही दाखवायचे असेल तर आधी लहान दाखवावे. मोठे पाहून प्रेमात पडलेला माणूस लहान प्रतीतले दोष पाहायला तयार होत नाही.

पाकीट हातभर अंतरावर धरून तीन गोष्टी पाहाव्यात: किंमत एका नजरेत वाचता येते का, देश कोणता ते कळते का, आणि चित्रात काय आहे ते न सांगता ओळखू येते का. मग त्याचीच काळीपांढरी प्रत काढावी. रंग काढून टाकल्यावर मुख्य आकृती मागच्या पार्श्वभूमीत विरघळत असेल तर उजेड-अंधाराची मांडणीच चुकली आहे. नुसते रंग बदलून ती सुधारणार नाही.

एक आकृती पुरे. पूल, धरण, शेतकरी, कारखाना, उपग्रह आणि वर झेंडा असे सगळे एकाच तिकिटात कोंबायचा आग्रह वरून येतो, तेव्हा मालिका सुचवावी: पाच विषय, पाच तिकिटे.

नियमित तिकीट आणि विशेष तिकीट यांच्या रचनेत फरक काय?

नियमित तिकीट वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा छापले जाते. म्हणून ते साधे, एकदोन रंगांचे आणि किंमत बदलली तरी टिकणारे हवे. ब्रिटनमध्ये १९६७ साली सुरू झालेली आर्नल्ड मॅचिन यांची मालिका पाहावी. प्लास्टरमध्ये घडवलेले राणीचे मस्तक आणि एक अंक, बाकी काही नाही. किंमत बदलली की रंग आणि अंक बदलायचा. आराखडा तोच. त्यात अनेक दशके नवे मूल्य सहज बसत गेले.

विशेष तिकीट एकदाच छापले जाते, त्याला एक प्रसंग असतो, तिथे रंग आणि तपशील यांना मोकळीक आहे. नवख्या चित्रकाराला आधी विशेष तिकीट द्यावे. नियमित तिकीट दिसायला सोपे, करायला फार अवघड.

अक्षरे किती लहान चालतात?

वाचायचा मजकूर रोमनमध्ये ५ पॉइंटच्या खाली नेऊ नये. देवनागरी, थाई, तमिळ यांसारख्या लिप्यांत अक्षराच्या वर-खाली खुणा असतात किंवा अक्षराच्या पोटातली जागा लहान असते. त्यांना आणखी थोडे मोठे माप लागते, नाहीतर शाई भरून वेलांटी, अनुस्वार आणि रफार एकच ठिपका होतात. चार रंगांच्या मिश्रणातून बनलेल्या पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे सोडणे टाळावे. एखादा रंग केसभर सरकला की अक्षर बुजते. लहान अक्षरे एकाच गडद शाईत छापावीत.

जोडाक्षरांची शेवटची तपासणी ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून, छापील नमुन्यावरच करून घ्यावी. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना फाँट बदलतो आणि जोडाक्षर फुटते. हा अपघात नेहमीचा आहे.

छिद्रांची गणना म्हणजे काय, आणि तिचा रचनेशी काय संबंध?

दोन सेंटीमीटर लांबीत किती छिद्रे बसतात तो आकडा म्हणजे छिद्रमाप. १४ माप म्हणजे २० मिलीमीटरला १४ छिद्रे, म्हणजे दोन छिद्रांच्या मध्यांतले अंतर सुमारे १.४३ मिलीमीटर. तिकिटाची बाजू या अंतराच्या पूर्ण पटीत असली तर कोपरे सारखे येतात. ४० मिलीमीटरच्या बाजूत २८ आणि ३० च्या बाजूत २१ अंतरे बरोबर बसतात. ३१ मिलीमीटर घेतले तर २१.७ येतात. मग यंत्राची जुळणी बदला, नाहीतर माप बदला. म्हणून छापखान्याकडे कोणत्या छिद्रमापाची यंत्रे आहेत ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

छिद्रे फार विरळ असली तर तिकीट सुटताना कोपरा फाटतो. फार दाट असली तर ताव हाताळतानाच तुटू लागतो. १३ ते १४.५ हा पट्टा बहुतेक कागदांना मानवतो. कंगव्याच्या पद्धतीचे यंत्र एका ठोक्यात तिकिटाच्या तीन बाजू पाडते, त्यामुळे कोपरे नेटके जुळतात. एकेका ओळीने छिद्रे पाडणाऱ्या यंत्रात आडव्या आणि उभ्या ओळी कोपऱ्यावर हव्या तशा मिळतीलच असे नाही.

रचनाकाराने पक्के धरून चालावे की छिद्रे थोडी सरकणारच. अर्धा ते एक मिलीमीटर सरकले तरी डोळ्याला खुपू नये अशी मांडणी हवी. चित्राभोवती अगदी बारीक चौकट आणि बाहेर अरुंद पांढरी कड असेल तर थोडेसे सरकणेही लगेच दिसते. कडेपर्यंत भरलेल्या चित्रात ते लपते, पण मग शेजारच्या तिकिटाचा रंग आत येतो. त्यामुळे शेजारशेजारच्या तिकिटांच्या कडांचे रंग जवळचे असावेत. किंमत आणि देशाचे नाव छिद्रांपासून किमान २ मिलीमीटर आत ठेवावे.

अर्धवट पडलेली छिद्रे दिसू लागली तर पिना बोथट झाल्या आहेत किंवा एका वेळी जास्त ताव घातले गेले आहेत असे समजावे.

छपाईची कोणती पद्धत निवडावी?

ऑफसेट आज सर्वांत सुलभ. छायाचित्र, जलरंग, बारीक रंगछटा यांना चांगली, आणि लहान संख्येलाही परवडते. भिंगाखाली रंगांचे ठिपके दिसतात.

फोटोग्रॅव्हूरमध्ये सिलिंडर कोरावा लागतो, सुरुवातीचा खर्च मोठा. संख्या खूप असेल तर मात्र तीच सोयीची. रंग भरदार आणि एकसारखे उतरतात. दोष असा की पारंपरिक पद्धतीत अक्षरेही जाळीतूनच येतात, म्हणून भिंगाखाली त्यांच्या कडा दातेरी दिसतात. बारीक मजकूर असेल तर हे ध्यानात ठेवावे.

कोरीव छपाई, म्हणजे धातूवर रेषा खोल कोरून त्यात शाई भरून कागदावर जोराने दाबायची पद्धत, आमच्या मते अजूनही तिकिटाची सर्वांत देखणी पद्धत आहे. शाई कागदावर किंचित उंच उभी राहते, बोटाला लागते, आणि तिची नक्कल कठीण. पण तिथे छायाचित्र चालत नाही. सावली, गाल, केस, आभाळ, सगळे रेषा आणि ठिपक्यांतच सांगावे लागते. चेस्वाव स्वान्या या पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि स्वीडनमध्ये स्थायिक झालेल्या कोरक कलावंताने हजाराहून अधिक तिकिटे कोरली. त्यांच्या व्यक्तिचित्रांत गालाची गोलाई रेषांच्या वळणावर कशी पेलली आहे ते भिंग घेऊन पाहावे. कोरीव कामासाठी चित्र देताना मऊ रंगछटा देऊ नयेत. प्रकाशाची बाजू आणि कडा स्पष्ट द्याव्यात, आणि कोरणाऱ्याला काही आठवडे मोकळे द्यावेत.

दोन वेगळ्या फेऱ्यांत छपाई होणार असेल तर ताव कोणत्या बाजूने आत जातो याची खूण प्रत्येक तावावर हवी. अमेरिकेच्या १९१८ सालच्या २४ सेंटच्या विमानटपाल तिकिटात चौकट एका फेरीत आणि विमान दुसऱ्या फेरीत छापले जात होते. एक ताव उलटा गेला आणि उलट्या विमानाची १०० तिकिटे विकली गेली. संग्राहकांना तो खजिना वाटतो. छापखान्याच्या दृष्टीने ती तपासणीतली चूक आहे.

रंग निवडताना काय सांभाळावे?

एकाच मालिकेतल्या वेगवेगळ्या किमती खिडकीवरच्या माणसाला दिव्याच्या उजेडातही वेगळ्या दिसल्या पाहिजेत. ब्रिटनने १८८३-८४ मध्ये बहुतेक किमती जांभळट आणि हिरव्या या दोनच रंगांत काढल्या. त्या शाया पुसायला गेले की उडत, म्हणून शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरणे अशक्य व्हावे हा हेतू. हेतू चांगला होता, पण किमती एकमेकींत मिसळू लागल्या, टपाल कर्मचारी वैतागले आणि १८८७ मध्ये नवी मालिका आणावी लागली.

फक्त रंगावर विसंबू नये. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसे पुष्कळ असतात. अंक मोठा असला की प्रश्नच मिटतो.

शिक्का उठून दिसत नाही अशी तक्रार का येते?

तिकीट फार गडद असते म्हणून. पहिले तिकीट काळे होते आणि त्यावर लाल शिक्का मारत. तो पुसता येई. शिक्का काळा करायचा तर तिकीट काळे राहून चालणार नव्हते. वर्षभरातच, १८४१ मध्ये, ते लालसर तपकिरी झाले. आजही तोच नियम: तिकिटाचा निदान तिसरा हिस्सा फिका असावा. चकचकीत वार्निश आणि धातूची चमकपट्टी यांवर शिक्क्याची शाई वाळत नाही, बोटाने पसरते. असे काही वापरायचे असेल तर टपाल कार्यालयातल्याच शाईने आधी चाचणी घ्यावी: शिक्का मारून दहा सेकंदांनी अंगठा फिरवावा.

यंत्राला तिकीट कसे दिसते?

तिकिटाच्या कागदात मिसळलेल्या किंवा वर छापलेल्या फॉस्फरने, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या द्रव्याने. पत्रे सरळ करणारे यंत्र अतिनील प्रकाश टाकते, चमक कुठल्या कोपऱ्यात आहे ते ओळखते, पत्र वळवते आणि शिक्का मारते. ब्रिटनमध्ये १९५७ साली साउदॅम्प्टनला याचा प्रयोग तिकिटामागे ग्राफाइटच्या काळ्या रेघा छापून झाला. पुढे फॉस्फर आले.

रचनेला याचा अर्थ एवढाच की फॉस्फरवर जाड शाई किंवा धातूचा पत्रा आला तर चमक दबते, यंत्र पत्र बाजूला टाकते आणि ते हाताने हाताळावे लागते. पूर्ण सोनेरी पार्श्वभूमीचा मोह होतो तेव्हा हे आठवावे.

डिंकाचे तिकीट की स्वयंचिकट?

वापरणाऱ्याला स्वयंचिकट सोयीचे. दमट हवेत तर फारच, कारण डिंकाची तिकिटे ओलाव्याने एकमेकांना चिकटतात. सिएरा लिओनने १९६४ मध्ये देशाच्या नकाशाच्या आकाराची पहिली स्वयंचिकट तिकिटे काढली.

स्वयंचिकटात तीन थर असतात: वरचा छापील कागद, गोंद, आणि सिलिकॉन लावलेला सुटा होणारा कागद. दाते छिद्रांनी पडत नाहीत, सुरीच्या साच्याने कापले जातात. साचा फार खोल गेला तर खालचा कागदही तुटतो आणि गठ्ठा विस्कटतो. उथळ गेला तर तिकीट सुटताना फाटते. संग्राहकांचा विचार करून कागद आणि गोंद यांच्यामध्ये पाण्यात विरघळणारा थर मागावा, नाहीतर वापरलेले तिकीट पाकिटावरून कधीच नीट निघत नाही.

डिंकाचा कागद साधारण १०० ते ११० ग्रॅमचा घेतात. हवा कोरडी झाली की तो डिंकाच्या बाजूला वळतो. छपाईआधी ताव छापखान्याच्या हवेत दिवसभर मुरू द्यावेत.

बनावट तिकिटे रोखण्यासाठी रचनेतच काय करता येते?

पुष्कळ काही. सूक्ष्म अक्षरे, जी डोळ्याला साधी रेघ वाटतात. अतिनील प्रकाशात दिसणारी शाई. वेगळ्या आकाराचे छिद्र, जसे ब्रिटनने १९९३ पासून दोन बाजूंना लंबवर्तुळाकार छिद्र ठेवले. स्वयंचिकट तिकिटात छोटे काप, म्हणजे पाकिटावरून सोलायला गेले की ते फाटते. २०२२ पासून ब्रिटनच्या नियमित तिकिटांना प्रत्येकी वेगळा बारकोडही आहे. पहिल्या तिकिटावरही ही काळजी होती. २४० तिकिटांच्या तावात प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यांत जागेनुसार वेगळी अक्षरजोडी होती.

एक-दोन उपाय निवडावेत आणि ते तपासणाऱ्याला शिकवावेत. कोणाला माहीतच नसलेली खूण काही अडवत नाही.

तपशिलाच्या चुका कशा टाळायच्या?

या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण छापलेले तिकीट परत बोलावता येत नाही आणि देशाचे नाव त्यावर असते.

पूर्व जर्मनीने १९५६ मध्ये संगीतकार शुमान यांचे तिकीट काढले, मागे स्वरलिपी होती शुबर्ट यांची. ते त्याच वर्षी दुरुस्त करून पुन्हा काढावे लागले. सेंट किट्स-नेव्हिसच्या १९०३ च्या तिकिटात कोलंबस दुर्बीण डोळ्याला लावून उभा आहे, जी त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी आली. अमेरिकेने १९९९ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या ६० सेंटच्या तिकिटावर ॲरिझोनाऐवजी कोलोरॅडो छापले. दहा कोटी तिकिटे नष्ट केली, नवी छापली आणि मग लक्षात आले की छायाचित्रच डावे-उजवे उलटे आहे.

या शेवटच्या उदाहरणात मोठा धडा आहे. एक चूक सापडली की सगळ्यांचे डोळे त्याच जागी खिळतात. दुरुस्तीनंतर पूर्ण तपासणी पहिल्यापासून करावी, आणि तीही नव्या माणसाने.

आमचा क्रम असा. विषयतज्ज्ञाला कच्च्या रेखाटनावर एकदा आणि छापील नमुन्यावर एकदा विचारावे. तज्ज्ञ त्याच विषयाचा हवा. पक्ष्याच्या तिकिटाला पक्षितज्ज्ञ, ‘निसर्गाची आवड असलेला’ नव्हे. छायाचित्रातल्या पाट्या, घड्याळे, शर्टाची गुंडीपट्टी पाहून चित्र उलटलेले नाही याची खात्री करावी. पक्ष्याला ऋतूप्रमाणे पिसारा, झाडाला त्याच हंगामातले फूल, सैनिकाला त्याच काळातला गणवेश. तारखा मूळ कागदपत्रांवरून घ्याव्यात, दुसऱ्या तिकिटावरून कधीच नाही.

नकाशा दाखवावा का?

शक्यतो नको. निकाराग्वाच्या १९३७ च्या विमानटपाल तिकिटात शेजारच्या होंडुरासचा काही भाग वादग्रस्त म्हणून दाखवला होता आणि दोन देशांत तणाव पेटला. टाळता येत नसेल तर सीमारेषा न काढता भूभागाचा केवळ उठाव दाखवावा, आणि परराष्ट्र खात्याची लेखी संमती घ्यावी.

निरुपद्रवी चित्रही कुठे जाऊन पोचेल सांगता येत नाही. निकाराग्वाच्याच १९०० च्या तिकिटावर धुमसणारा मोमोतोम्बो ज्वालामुखी होता. दोन महासागर जोडणारा कालवा निकाराग्वातून न्यावा की पनामातून, हा वाद चालू असताना १९०२ मध्ये तीच तिकिटे अमेरिकी सिनेटरांना वाटण्यात आली, निकाराग्वातली जमीन धोक्याची आहे हे पटवण्यासाठी.

छायाचित्र विकत घेतले म्हणजे हक्क मिळाला ना?

नाही. छायाचित्राचा हक्क आणि त्यात दिसणाऱ्या कलाकृतीचा हक्क वेगळे. अमेरिकेच्या टपाल खात्याने स्वातंत्र्यदेवतेचे तिकीट काढले, छायाचित्र निघाले लास वेगसमधल्या प्रतिकृतीचे. त्या शिल्पकाराने दावा लावला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने सुमारे ३५ लाख डॉलरची भरपाई दिली. छायाचित्रासोबत जागा, तारीख आणि दिसणाऱ्या वस्तूचा कर्ता, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात.

जिवंत माणसाचे तिकीट काढता येते का?

देशादेशाचा नियम वेगळा. राजघराणे सोडून जिवंत माणूस नको, असा प्रघात अनेक ठिकाणी होता. ऑस्ट्रेलियाने १९९७ मध्ये डोनल्ड ब्रॅडमन यांच्या तिकिटापासून तो मोडला. नियम आधी लेखी असावा, नाव पुढे आल्यावर करू नये.

दर लवकर बदलणार असतील तर किंमत छापायची की नाही?

अंकाऐवजी सेवेचे नाव किंवा अक्षर छापता येते. ब्रिटनने १९८९ मध्ये पहिला आणि दुसरा वर्ग अशी तिकिटे आणली, अमेरिकेने २००७ मध्ये ‘कायमचे’ चालणारे तिकीट. दर वाढला तरी तिकीट चालू राहते आणि जुन्यावर नवी किंमत छापून काढायचा खटाटोप वाचतो.

वास येणारे, कापडाचे, वेगळ्या आकाराचे तिकीट काढावे का?

विषयाला ते लागत असेल तर काढावे. केप ऑफ गुड होपचे त्रिकोणी तिकीट १८५३ चे. भूतानने १९७२ मध्ये वाजणारी तबकडी तिकीट म्हणून काढली, स्वित्झर्लंडने २००१ मध्ये चॉकलेटच्या वासाचे, पोर्तुगालने २००७ मध्ये बुचाच्या सालीचे. बुचाच्या देशाने बुचाचे तिकीट काढणे पटते. मात्र अशा तिकिटाला यंत्रातून जाण्याची चाचणी सक्तीची, आणि नियमित तिकीट कधीही असे नसावे.

एकूण वेळ किती धरावा?

विषय ठरल्यापासून विक्रीपर्यंत वर्ष ते दीड वर्ष. त्यातले दोन-तीन महिने संशोधन आणि हक्क, तेवढेच रेखाटने आणि समितीच्या फेऱ्या, कोरीव काम असेल तर त्याचा वेगळा वेळ, मग नमुने, छपाई, छिद्रण, मोजणी आणि सर्व कार्यालयांना वाटप. घाई नेहमी नमुन्यांच्या टप्प्यावर होते, आणि चुका पकडायची शेवटची जागा तीच. वेळ कापायचाच असेल तर समितीच्या फेऱ्यांतून कापावा. छापील नमुना प्रत्यक्ष कागदावर, प्रत्यक्ष शाईत, छिद्रांसह मागवावा आणि त्यावर तारीख टाकून सही करावी. पडद्यावरच्या फाइलवर सही करू नये.